मारुतचा साचा करणाऱ्यास खुले पत्र

मारुतचा साचा करणाऱ्या कारागिरास,

पुढचं सगळं पत्र रागाचं आहे. तरी ते तुम्ही शेवटपर्यंत वाचावं, कारण तुमचं मारुत विमानाच्या मॉडेलचं किट मी शेवटपर्यंत जोडलं आहे.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. खोक्यावर कंपनीचं नाव आहे, चित्राखाली चित्रकाराची सही आहे, डिकलच्या कागदावर छापणाऱ्याचा शिक्का आहे. साचा ज्याने केला त्याचा उल्लेख कुठेच नाही. कंपनीचं नाव मी मुद्दाम घेत नाही. तिथल्या हिशेबनीसाने, खोकी भरणाऱ्याने किंवा पार्सलवर पत्ता लिहिणाऱ्याने माझं काही बिघडवलेलं नाही. ड्रॉइंगवरची मापं धातूत उतरवण्याचं काम तुमचं होतं आणि ते तुम्ही केलं नाहीत. आरोप तुमच्यावर आहे.

विमान एच.एफ.-२४ मारुत, प्रमाण एकास बहात्तर. धडाचे दोन भाग येतात, डावा आणि उजवा. मी नाकाला नाक मिळवलं, टेप मारली आणि बोट सांध्यावरून शेपटीकडे सरकवत नेलं. कॉकपिटपर्यंत सांधा नखाला लागत नव्हता. पंखांच्या जागी पायरी लागली. शेपटीशी पोचलो तर डावा भाग उजव्याच्या पुढे दीड मिलिमीटर आलेला. दोन्ही भाग सुटे करून व्हर्नियरने मोजले, तेव्हा शंका घ्यायला जागा उरली नाही.

या प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावर बहात्तर मिलिमीटर. तुमचा दीड मिलिमीटर म्हणजे जवळजवळ अकरा सेंटिमीटर. मारुत जिथे बनलं त्या बंगळुरूच्या कारखान्यात धडाच्या दोन बाजू अशा जोडायला आल्या असत्या, तर काम तिथल्या तिथे थांबलं असतं आणि कोणाला तरी जाब द्यावा लागला असता. डाव्या पंखाच्या मुळाशी वरच्या अंगाला ०.८ मिलिमीटर फट आहे. खऱ्या विमानात ती पावणेसहा सेंटिमीटरची होईल, हाताची बोटं आरपार जातील. हवा आत घेणारे दोन्ही इनटेक धडाला टेकतात ते फक्त वरच्या कोपऱ्यात, खाली उजेड दिसतो. पंख लावून विमान शेपटीकडून पाहिलं तर एक टोक वर आणि एक खाली.

तुम्ही म्हणाल, प्लॅस्टिक आकसतं. आकसतंच. पॉलिस्टायरीन दोनशे अंशांच्या वर वितळवून दाबाने साच्यात भरलं की थंड होताना ते साधारण अर्धा टक्का आकसतं. मारुतची खरी लांबी १५.८७ मीटर, म्हणजे तुमच्या मॉडेलची २२० मिलिमीटर, आणि त्यावर अर्धा टक्का म्हणजे एक मिलिमीटरच्या थोडं वर. पण हे ओतकामात नव्याने आलेल्या पोरालाही माहीत असतं, म्हणून साचा तेवढाच मोठा कोरतात. शिवाय तुमचे दोन्ही भाग एकाच स्प्रूवर, म्हणजे पार्ट धरून ठेवणाऱ्या चौकटीवर, लटकलेले आले. एकच साचा, एकच माल, एकच तापमान, एकच दाब. आकसायचे असते तर दोन्ही भाग सारखेच आकसले असते. लांबीतला फरक प्लॅस्टिकचा नाही. तो तुम्ही साच्यातच कोरलेला आहे.

आणि कंबर. आरोपांमधला माझ्या मते सगळ्यात गंभीर आरोप हाच आहे. ध्वनीच्या वेगाजवळ जाणाऱ्या विमानाला हवेचा विरोध एकाएकी वाढतो. तो कमी ठेवायचा तर नाकापासून शेपटीपर्यंत विमानाचा आडवा छेद हळूहळू बदलत गेला पाहिजे. पंख जिथे सुरू होतात तिथे छेद वाढतो, म्हणून तेवढ्या भागात धड आवळून घ्यायचं, हे अमेरिकेत रिचर्ड व्हिटकम यांनी पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं. मारुतचं धड त्याच हिशेबाने पंखांशी आवळलेलं आहे. वरून पाहिलं की ही कंबर लगेच डोळ्यांत भरते, आणि तीच या विमानाची ओळख आहे. तुमच्या मारुतला कंबर नाही. इनटेकपासून शेपटीपर्यंत सरळ नळी आहे. सांध्यातली फट म्हणजे हलगर्जीपणा म्हणता येईल. कंबर गाळणं म्हणजे विमान न पाहताच साचा करणं.

म्हणून हे विमान काय होतं ते सांगतो.

कुर्ट टँक यांनी जर्मनीत फॉके-वुल्फ १९० हे लढाऊ विमान केलं होतं. ते १९५६ मध्ये आपल्या माणसांसह बंगळुरूला आले आणि तिथल्या भारतीय अभियंत्यांबरोबर या विमानाचं काम सुरू झालं. ज्या देशाने तोवर स्वतःचं लढाऊ जेट बनवलेलं नव्हतं, त्या देशात ड्रॉइंगच्या फळीपासून सुरुवात झाली. आकार बरोबर बसला आहे की नाही हे पाहायला त्यांनी आधी पूर्ण मापाचं लाकडी ग्लायडर केलं आणि ते आकाशात नेऊन उडवून पाहिलं. त्यांनी आकाराची खात्री करायला अख्खं विमान लाकडात बांधलं, तुम्हाला बावीस सेंटिमीटरचं धड वरून बघायला वेळ झाला नाही. १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी मारुतचं पहिलं उड्डाण केलं. हेच दास जानेवारी १९७० मध्ये मारुतच्या एका सुधारित प्रोटोटाइपच्या अपघातात गेले.

विमान आखलं होतं ते ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी. त्याला हवं असलेलं ऑर्फियस १२ इंजिन ब्रिटनमध्ये पुरं झालंच नाही, त्याचा खर्च कोणी उचलला नाही. मग ऑर्फियस ७०३ ही दोन लहान इंजिनं त्यात बसवली, प्रत्येकी ४,८५० पौंड रेट्याची. सुंदर बांधलेलं धड आणि त्यात अपुरी ताकद, अशा स्थितीत १४७ विमानं तयार झाली. हवाई दलाच्या वैमानिकांनी ती आहे तशी स्वीकारली. १९७१ च्या डिसेंबरमध्ये, पाकिस्तानशी झालेल्या युद्धात, १० आणि २२० क्रमांकाच्या स्क्वाड्रननी राजस्थानच्या आघाडीवर ती जमिनीलगत नेली, आणि गोळीबारात एक इंजिन गेल्यावर दुसऱ्यावर तळाला परत आणली. मारुतच्या वाट्याला एकदा इतरांचं अर्धवट काम आलेलंच आहे. त्यात तुम्ही आणखी भर घातलीत, म्हणून मला राग आहे.

आता तुमची बाजू. ती मला चांगली ठाऊक आहे, आणि जिथे ती खरी आहे तिथे मी मानतो.

मोठ्या कंपन्या पोलादाचा साचा करतात. त्याला अमाप पैसा लागतो, आणि तो निघायला लाखांनी किटं खपावी लागतात. मारुतची लाखभर किटं खपणार नाहीत हे मलाही कळतं. म्हणून तुम्ही कमी खर्चाचा, कमी नगांचा मऊ साचा केलात. अशा साच्यातून पार्ट येतात ते जाड देठाने स्प्रूला चिकटलेले. कडेला पातळ पापुद्रा येतो, पंखांची मागची कड जाड राहते, दोन भाग अचूक जुळवणाऱ्या खुंट्या नसतात, कॅनपीची काच धूसर येते. यातल्या एकाही गोष्टीबद्दल माझी तक्रार नाही. देठ करवतीने कापता येतो. पापुद्रा कटरने निघतो. पंखाची कड आतून घासून पातळ करता येते. ज्यांना दुर्मीळ विमानं करायची असतात, ते हे सगळं धरूनच चालतात आणि तुमच्यासारख्या छोट्या कारखान्यांचे आभारही मानतात. मी स्वतः अशी कितीतरी किटं आनंदाने केली आहेत.

पण खुंट्या नसणं वेगळं आणि दोन्ही बाजूंची लांबी वेगळी असणं वेगळं. पहिलं पैशाअभावी होतं. दुसऱ्याला पैसा लागत नाही. ड्रॉइंग समोर ठेवायचं, व्हर्नियर घ्यायचा, एक दुपार द्यायची. साच्यातून निघालेला पहिला नग स्वतः जोडून पाहायचा. एवढं तरी सांगा: तुमचं मारुत तुम्ही एकदा तरी जोडून पाहिलंत का? पाहिलं असतंत तर दीड मिलिमीटर तुमच्या बोटाला लागला असता. आणि पाहून, कळून, तसंच खोक्यात भरलं असेल तर तुमच्याशी बोलण्यासारखं माझ्याकडे काही उरत नाही.

अचूकपणा मोठ्या कारखान्यालाच परवडतो, असं कोणी सांगू नये. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने शाळांना पाच लाख विमानांची मॉडेलं मागितली होती, याच एकास बहात्तर प्रमाणात. आकाशात दिसणारं विमान आपलं की शत्रूचं हे सैनिकांना क्षणात ओळखता यावं, म्हणून ती हवी होती. शाळकरी मुलांनी ती लाकडातून कोरली. धडाचा आकार ठिकठिकाणी पुठ्ठ्याच्या फर्म्याने तपासायचा आणि बसला नाही तर परत घासायचा, अशी शिस्त होती, कारण चुकीच्या आकाराची सवय लागलेला तोफची स्वतःच्याच माणसांवर गोळी चालवू शकतो. या छंदातली एकास बहात्तरची परंपरा त्याच्याही आधीची आहे. ब्रिटनमध्ये फ्रॉग कंपनीने १९३६ पासून या प्रमाणात प्लॅस्टिकची किटं काढली. तुम्ही ज्या धंद्यात आहात त्याच्या मुळाशी विमान बघून ओळखता येणं आहे. शाळेतल्या मुलांना चाकू आणि पुठ्ठा घेऊन जे जमलं, ते तुम्ही टाळलंत.

तुम्ही टाळलेलं काम मग मी केलं. ते कसं केलं हे तुम्हाला सविस्तर सांगणार आहे, कारण प्रत्येक पायरी तुमच्या टेबलावर व्हायला हवी होती.

आधी काहीही चिकटवलं नाही. सगळे मोठे पार्ट टेपने धरून पाहिले आणि चूक नेमकी कुठून सुरू होते ते शोधलं. डाव्या बाजूची लांबी एका जागी वाढलेली नव्हती, कॉकपिटच्या मागून शेपटीपर्यंत ती थोडी थोडी वाढत गेली होती. शेपटीशी दीड मिलिमीटर कापून टाकला असता तर दोन टोकं जुळली असती, पण मधल्या सगळ्या पॅनेलच्या रेषा, झाकणं आणि पंखाची खाच एकमेकांसमोर आलीच नसती. म्हणून डावी बाजू तीन ठिकाणी आडवी कापली. करवतीच्या पात्याने जेवढं खाल्लं ते धरून प्रत्येक ठिकाणी अर्धा मिलिमीटर कानशीने उतरवला, आतून प्लॅस्टिकच्या पट्टीचा आधार दिला आणि तुकडे परत जोडले. आता दोन्ही खाचा समोरासमोर आल्या.

मग कंबर. धडाच्या आतून, जिथे आवळायचं होतं तिथे, एम-सीलचा जाड थर दाबून बसवला आणि रात्रभर कडक होऊ दिला. दुसऱ्या दिवशी बाहेरून खरवडायला सुरुवात केली. आधी कटरने, मग अर्धगोल कानशीने, मग वॉटर पेपरने. खरवडता खरवडता एका जागी तुमचं राखाडी प्लॅस्टिक संपलं आणि आतलं एम-सील दिसायला लागलं. तिथून पुढचं मारुत माझं होतं. दर थोड्या वेळाने पुठ्ठ्याचा फर्मा लावायचा, उजेडासमोर धरायचा, कुठून उजेड येतो ते पाहायचं, तिथली शेजारची उंच जागा घासायची. दोन्ही बाजू सारख्या आवळायला संयम लागतो, कारण उजवी घासली की डावी जाड वाटते आणि डावी घासली की उजवी.

पंखाच्या मुळाशी पुट्टी भरणं सोपं होतं. मी ती भरली नाही. ट्यूबमधली पुट्टी वाळताना बसते, फटीच्या मधोमध खळी राहते, आणि ती सपाट करताना शेजारच्या कोरीव रेषा पुसल्या जातात. फटीत प्लॅस्टिकच घालायचं. दह्याचे काही कप पॉलिस्टायरीनचे असतात, तळाला त्रिकोणात ६ आकडा असतो. त्याची पातळ पाचर कापली, फटीत सरकवली आणि पातळ सिमेंट ब्रशने नुसतं टेकवलं. ते सांध्यात आपोआप ओढलं जातं आणि तिन्ही तुकडे वितळून एकजीव होतात. इनटेकच्या खालच्या फटी मात्र वळणदार होत्या. तिथे फेविक्विकमध्ये टाल्कम पावडर कालवून भरली. ती तासाभराच्या आत घासावी लागते, रात्रभर ठेवली तर प्लॅस्टिकपेक्षा कडक होते आणि मग कागद प्लॅस्टिक खातो, भरण तसंच राहतं.

नाकात किती वजन घालायचं हे तुमच्या माहितीपत्रकात नाही. तीनचाकी विमानाचं नाक हलकं राहिलं की ते शेपटीवर बसतं, हे तुम्हाला माहीत असणार. माशाच्या गळाला लावतात त्या शिशाच्या गोळ्या भरत गेलो, विमान पुढच्या चाकावर टेकेपर्यंत. कॅनपी फेविकॉलने लावली, कारण फेविक्विकची वाफ काचेवर धुरकट डाग धरते.

मग राखाडी प्रायमर. प्रायमर मारेपर्यंत डोळ्यांना सगळं नीट दिसत असतं. एकरंगी झालं की खरं कळतं. सांध्यावर केसाएवढी रेघ, एका जागी बुडबुड्याचा खड्डा, कंबरेवर कानशीचे ओरखडे. परत भरायचं, परत घासायचं, परत प्रायमर. घासताना गेलेल्या पॅनेलच्या रेषा जाड चिकटपट्टीच्या कडेने सुईने पुन्हा कोरायच्या, हलक्या हाताने आणि अनेक वेळा, कारण एकदाच जोर दिला की सुई घसरते. हे सगळं पुण्याच्या पावसाळ्यात. दमट हवेत लॅकर मारलं तर रंग पांढुरका पडतो, म्हणून उघडीप मिळेपर्यंत थांबायचं.

यावर मला लोक विचारतात की एवढं करण्यापेक्षा ते किट फेकून दुसरं का घेत नाहीस. त्यांचं म्हणणं वाजवी आहे. आज बाजारात अशी किटं आहेत की पार्ट टेकवले की जागेवर बसतात, पुट्टीचा डबा उघडावाच लागत नाही. स्पिटफायर करायचं असेल तर हव्या त्या प्रमाणात, हव्या त्या दर्जाचं मिळतं. मस्टँग, मिग-२१, फँटम, सगळ्यांची चांगली किटं आहेत. मारुत करायचं असेल तर? मोठ्या नावाच्या कुठल्याही कंपनीच्या यादीत मला ते कधी दिसलेलं नाही. ज्याला मारुत हवं आहे त्याला तुमच्या दाराशी यावं लागतं. आणि हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. गिऱ्हाइकाला दुसरीकडे जायला जागा नाही, तो भरेल, घासेल, कापेल, पण करेल, हे धरूनच तुम्ही तो साचा बंद केलात. स्पिटफायरमध्ये तुम्ही हे धाडस केलं नसतं. महिन्याभरात तुमचा माल दुकानात धूळ खात पडला असता. ज्या विमानावर थोड्याच लोकांचा जीव आहे, त्या थोड्या लोकांच्या जिवाचा तुम्ही फायदा घेतलात.

मी चिकाटी धरली ती तुमच्यासाठी नाही. सुरंजन दासांनी उडवलेलं विमान माझ्या कपाटात नळीच्या आकाराचं बसणार नाही, एवढ्यासाठी धरली. ज्या माणसांनी अपुऱ्या इंजिनांवर हे विमान लढाईत नेलं, त्यांच्या विमानाची कंबर बरोबर असावी, एवढं मी त्यांचं देणं लागतो असं मला वाटतं.

माझं सोडा. माझ्याकडे अवजारं आहेत आणि कुठे काय कापायचं ते कळतं. आमच्या शेजारच्या मुलाबद्दल तुम्ही ऐकायला हवं. चौदा वर्षांचा आहे. शाळेच्या सहलीत त्याने मारुत पाहिलं, आपल्या देशात बनलेलं लढाऊ विमान म्हणून त्याला त्याचं वेड लागलं, आणि वाढदिवसाचे पैसे साठवून त्याने तुमचंच किट मागवलं. त्याचं आयुष्यातलं पहिलं किट. एक दिवस तो खोकं घेऊन माझ्याकडे आला. दोन्ही भाग चिकटवलेले, शेपटीशी डिंकाचे ओघळ, बोटांचे ठसे, आणि मधोमध सांधा उघडा पडलेला. जोडायला त्याने रबरबँड लावले होते, त्यांनी धड वाकलं होतं. मला म्हणाला, "काका, माझ्याच हाताला वळण नाही. हे माळ्यावर टाकतो."

मी त्याला माझ्या दुसऱ्या किटचे न जोडलेले भाग दिले आणि व्हर्नियर दिला. त्याने डावा मोजला, उजवा मोजला. मग परत डावा मोजला. माझ्याकडे पाहिलं आणि परत उजवा मोजला. आकडे कागदावर एकाखाली एक लिहून त्याने वजाबाकी केली. "म्हणजे हे कोणालाच जमलं नसतं?" असं त्याने विचारलं. मी म्हटलं, कापल्याशिवाय कोणालाच नाही.

त्या मुलाने तो फरक मोजला म्हणून तो वाचला. तुमची किती खोकी अशा घरांत गेली असतील जिथे व्हर्नियर नाही, मोजायला सांगणारं कोणी नाही? तिथल्या मुलांनी दोष स्वतःकडे घेतला असणार. आपल्या हाताला काही येत नाही, असं ठरवून खोकं माळ्यावर टाकलं असणार. यातली काही मुलं उद्या लेथवर, ड्रॉइंगच्या टेबलावर, विमानाच्या हँगरमध्ये उभी राहिली असती. तुमच्या दीड मिलिमीटरची ही किंमत आहे आणि ती तुम्ही भरत नाही.

यावर उपाय अवघड नाही. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मारुत उभं आहे. तिथे जाऊन मी पंखाचं मूळ, इनटेकची तोंडं आणि कंबर यांचे फोटो काढले. पंखाच्या पुढच्या कडेपाशी उभं राहून मागे पाहिलं तर धड कसं आत जातं आणि परत बाहेर येतं ते साध्या डोळ्यांना दिसतं, कुठलंही ड्रॉइंग लागत नाही. बंगळुरूला विश्वेश्वरय्या संग्रहालयात मारुत आहे. तुम्हाला भारत लांब पडत असेल तर जर्मनीत म्युनिकजवळ श्लाइसहाइमला, डॉइचेस म्युझियमच्या विमानविभागात एक मारुत ठेवलेलं आहे. तिकीट काढा, मोजपट्टी घ्या, जा.

माझं मागणं पुढीलप्रमाणे आहे. नवा साचा करायला पैसे नसतील तर आहे त्या साच्यातली डावी बाजू दुरुस्त करा. धातू भरून परत कोरता येतो, हे काम तुमच्याच धंद्यातलं आहे. तेही जमत नसेल तर कंबर नसलेलं धड काढून टाका आणि त्याऐवजी रेझिनचं बरोबर आकाराचं धड खोक्यात घाला, किंमत वाढली तरी चालेल, मी देईन. आणि तोपर्यंत, अगदी पुढच्या खोक्यापासून, माहितीपत्रकात एक कागद घाला. त्यावर ठळक अक्षरांत छापा की डावी बाजू दीड मिलिमीटर लांब आहे, ती तीन ठिकाणी कापून घ्यावी लागेल, आणि हा दोष जोडणाऱ्याचा नाही. नाकात घालायचं वजन ग्रॅममध्ये लिहा. छपाईला फारसा खर्च येणार नाही.

सोबत मी मापांचा तक्ता जोडत आहे: धडाच्या दोन्ही बाजूंची लांबी दर वीस मिलिमीटरवर, पंखांच्या मुळांची रुंदी, इनटेकचे कोन, आणि कंबरेचे पाच ठिकाणचे छेद खऱ्या विमानाच्या फोटोंशेजारी. कुठे कापायचं त्या तीन रेषा लाल शाईने आखल्या आहेत. तक्त्यातली निम्मी मापं शेजारच्या मुलाने घेतली आहेत आणि त्याखाली त्याने सही केली आहे. त्याने दुसरं किट मागवलं आहे, तुमचंच, कारण दुसरं कोणी काढत नाही. ते पोचायच्या आत तुमचं उत्तर यावं.

आपला,
मारुत जोडणारा एक गिऱ्हाईक